बल्ब नऊ वॉटचा, मग वायर दीडची कशाला?

वाचकांचे प्रश्न : या वेळी घरातली लाईट फिटिंग आणि तिची वायर

मागच्या अंकात वायरिंगचे प्रश्न पाठवा म्हटलं, तर पत्रं आणि मेसेज मिळून ढीग झालाय. त्यातले निम्मे एकाच गोष्टीचे आहेत, की दिव्या-पंख्यांना वायर कुठली घ्यायची. म्हणून या वेळी तेवढंच घेतोय, गीझर आणि एसीवाल्यांनी जरा दम धरा. नावं छापत नाही, फक्त गावं देतोय. आणि दीड-अडीच एमएम म्हणजे वायरमधल्या धातूच्या छेदाचे चौरस मिलिमीटर, जाडी नाही.

अकोला : नमस्कार सर, आमच्या दोन मजली घराचा स्लॅब पुढच्या महिन्यात भरायचाय. वायरमन म्हणतो सगळे एलईडी आहेत, एक एमएमची वायर भरपूर झाली. दुकानदार दीड म्हणतो. आणि मेहुणा इंजिनिअर आहे तो म्हणतो सगळीकडे अडीच टाकून दे, आयुष्यभर बघायला नको. तिघांपैकी कोणाचं ऐकू?

दुकानदाराचं. त्याचा त्यात दोन पैशांचा फायदा आहे हे धरूनसुद्धा या वेळी तोच बरोबर आहे.

वायरमनचा हिशोब कुठे चुकतो बघा. तो बल्ब मोजतो. नऊ वॉटचे बारा बल्ब म्हणजे १०८ वॉट, ७५ वॉटचे चार पंखे म्हणजे ३००, सगळे मिळून चारशेच्या आसपास, २३० व्होल्टवर हे दोन अँपिअरसुद्धा भरत नाहीत. इथपर्यंत त्याचं खरं आहे आणि एवढ्याला एक एमएम काय, पाऊण एमएमपण चाललं असतं. पण त्याच बोर्डावर सहा अँपिअरचं सॉकेट असतं ना, ते काय मोबाईल चार्जरपुरतं राहतं का हो? बेडरूममध्ये कुणीतरी हजार वॉटची इस्त्री लावतं, ती सव्वाचार अँपिअर घेते, त्याच वेळी त्याच सर्किटवर पलीकडे ७५० वॉटचा मिक्सर फिरतो, तो सव्वातीन, आणि दिवे-पंखे चालूच असतात, म्हणजे साडेनऊच्या घरात गेलात. आणि हे रोज सकाळी कुठल्याही घरात होतं, त्यात विशेष काही नाही.

आता मुख्य मुद्दा. वायरचा साईझ बल्बवरून ठरत नाही, तिच्यामागे कुठला एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बसलाय त्यावरून ठरतो. एमसीबी हा बल्ब वाचवायला नसतो, भिंतीतली वायर वाचवायला असतो, आणि लोकांना वाटतं की १० अँपिअरचा एमसीबी दहाच्या वर गेलं की लगेच टक करून पडतो, तर तसं नाहीये. त्याचं स्टँडर्डच असं आहे की सव्वाअकरा अँपिअरला तो तासभर पडता कामा नये आणि साडेचौदाला तासाच्या आत पडला पाहिजे. म्हणजे मधल्या काळात वायरला ते सगळं सोसावं लागतं. म्हणून वायर एमसीबीपेक्षा ताकदीची हवी, बरोबरीची नाही.

त्यात तुम्ही अकोल्याचे! कंपनीच्या कागदावर अँपिअरचा जो आकडा छापलेला असतो तो कुठल्या तापमानाला आहे ते खाली बारीक अक्षरात असतं, ते कोणी वाचत नाही. दीड एमएमची तांब्याची साधी पीव्हीसी वायर पाईपात एकट्याच सर्किटची असेल आणि आजूबाजूला ३० डिग्री असेल तर साधारण साडेसतरा अँपिअर नेते. ४५ डिग्री झालं की तो आकडा ०.७९ ने गुणायचा, राहिले पावणेचौदा. आता त्याच पाईपात अजून दोन भरलेली सर्किटं कोंबली तर परत ०.७ ने गुणायचं, म्हणजे ९.७. बघा, दीडची वायर असून दहाच्या एमसीबीला पुरत नाही! हाच हिशोब एक एमएमला लावा, साडेतेरावरून सुरुवात करून शेवटी साडेसात अँपिअरवर येता. मे महिन्यात वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री आठ वाजतासुद्धा हाताला गरम लागतो, त्याच्या पोटात ही वायर असणार आहे.

म्हणून दीडचीच घ्या आणि वायरच्या आधी पाईपाकडे बघा. स्लॅब भरला की वायर कधीही ओढून बदलता येते, पाईप नाही बदलता येत. जिथे वायरमन २० मिलिमीटरचा पाईप टाकतोय तिथे गर्दीच्या ठिकाणी २५ चा टाकायला लावा, किंवा दोन पाईप टाका, एका पाईपात दोनाहून जास्त सर्किटं जाऊ देऊ नका. २० च्या पाईपात दीडच्या पाच-सहा वायरी, बस. जॉइंट पाईपात अजिबात नको, जे काय जोडायचं ते बोर्डात किंवा जंक्शन बॉक्समध्ये, आणि भरताना एक मोकळी तार प्रत्येक पाईपात ठेवून द्यायला सांगा, पुढे कधी काही ओढायचं झालं तर तुम्हीच मला दुवा द्याल.

आता मेहुण्याचं. चूक म्हणणार नाही, पण सगळीकडे अडीच म्हणजे पैसे जातात आणि वर त्रास. सहा अँपिअरच्या स्विचच्या त्या एवढ्याशा भोकात अडीचच्या दोन-दोन वायरी लूप करून कोंबायच्या म्हटलं की वायरमन काय करतो, चार तारा कापून टाकतो आणि उरलेल्या आत घालतो. मग कुठे राहिली अडीच? दुसरं म्हणजे अडीच टाकली की लोकांना १६ चा एमसीबी बसवायचा मोह होतो, आणि मग वायर वाचते पण सहा अँपिअरचं सॉकेट आणि स्विच जळतात, कारण त्यांच्याकडे बघणारा कोणीच राहत नाही. मेहुण्याचं मन राखायचं असेल तर एक मधला मार्ग चांगला आहे आणि बरेच वायरमन तो वापरतातही : डीबीपासून (एमसीबी बसवलेल्या मुख्य पेटीपासून) खोलीच्या बोर्डापर्यंत अडीच, आणि बोर्डापासून दिव्या-पंख्यापर्यंत दीड. फक्त एमसीबी दहाचाच ठेवा, बेडरूमच्या सर्किटला सहाचाही चालतो.

अजून एक, आपल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये लाईट सर्किटला मर्यादा दिलेली आहे, दिवे-पंखे-सहा अँपिअरची सॉकेटं मिळून दहा पॉइंट आणि ८०० वॉट. एलईडीमुळे ८०० वॉट आता भरत नाहीत आणि म्हणून लोक वीस-वीस पॉइंट एका सर्किटवर टाकतात. करू नका. प्रत्येक मजल्याला निदान दोन लाईट सर्किटं ठेवा, एक पडलं तर सगळा मजला अंधारात जायला नको. गीझर, एसी, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह यांच्या १६ अँपिअरच्या पॉइंटला चार एमएम आणि वेगळं सर्किट, त्यांना लाईटच्या वायरवर हात लावू देऊ नका.

पुणे, सदाशिव पेठ : आमची बिल्डिंग १९८४ सालची. नुसते स्विचबोर्ड बदलायचे होते. वायरमननं बोर्ड उघडला आणि म्हणाला आत 'एक अठरा' आणि 'तीन बावीस' आहे, दोन खोल्यांत पांढरी ॲल्युमिनियमची आहे, सगळं काढावं लागेल. हा लुटतोय का मला?

अर्धा लुटत असेल, अर्धं खरं असेल. पुण्यात एवढं निघालं तरी पुष्कळ.

आधी ते आकडे. पहिला आकडा तारा किती, दुसरा आकडा तारेचा गेज, म्हणजे जाडीचा नंबर. एक अठरा म्हणजे १८ गेजची एकच तार, तीन बावीस म्हणजे २२ गेजच्या तीन. दोन्ही आजच्या मापात साधारण १.२ एमएमच्या जवळ येतात. सात वीस असेल तर ती जवळजवळ साडेचार एमएमची होते, ती पॉवरला वापरायचे. म्हणजे तांबं काही भयंकर बारीक नाही, त्या काळी लाईटला तेच टाकायचे आणि घरात ६० चे पिवळे बल्ब होते तेव्हाही ते चाललं.

अडचण तांब्याची नाही, वरच्या आवरणाची आहे. चाळीस वर्षांनी पीव्हीसी कडक होतं. बोर्डातलं एक टोक हळूच वाकवून बघा (मेन स्विच बंद करून, हे सांगायला लागू नये पण सांगतो), आवरणाला भेगा पडल्या किंवा खपली निघाली तर वायरमनचं खरं. नुसत्या डोळ्यानं ठरवायचं नसेल तर त्याला मेगर (आवरणातून करंट गळतो का ते मोजणारं मीटर) आणायला सांगा, दिवे-पंखे-उपकरणं सोडवून ५०० व्होल्टवर प्रत्येक सर्किटचं रीडिंग घ्यायचं आणि कागदावर लिहून द्यायचं, एक मेगओहमच्या खाली आलं तर ते सर्किट बाद. मेगर नाही म्हणणारा वायरमन सगळं काढा म्हणत असेल तर दुसरा वायरमन बघा. परवानाधारक ठेकेदाराकडे मेगर असतोच, महावितरणच्या नव्या कनेक्शनला टेस्ट रिपोर्ट देणारी मंडळी हीच.

ॲल्युमिनियमबद्दल मात्र घासाघीस नको, ती काढाच. ॲल्युमिनियम वाईट धातू आहे म्हणून नाही, बाहेर खांबावरच्या तारा ॲल्युमिनियमच्याच आहेत की. पण घरात स्क्रूखाली ती दाबली की हळूहळू पसरते, स्क्रू ढिला होतो, वर ऑक्साईडचा थर धरतो, आणि नव्या बोर्डाच्या पितळेला किंवा तांब्याच्या वायरला जोडली की सांधा खराब होऊन गरम व्हायला लागतो. तुमचे नवे बोर्ड बसले की पहिलं संकट तिथेच, कारण जुन्या स्क्रूखाली ती इतकी वर्षं न हलता बसली होती आणि आता तुम्ही ती हलवणार.

शिवाय त्या काळच्या बऱ्याच फिटिंगमध्ये दिव्याच्या पॉइंटला अर्थिंगची वायरच नसते. आता पत्र्याच्या बॉडीचे पंखे, धातूची झुंबरं आलीत, तेव्हा काढतच आहात तर तिसरी हिरवी वायर पण घाला. जुनी वायर ओढतानाच तिच्या टोकाला नवी बांधून ओढायची. त्या वेळचे लोखंडी पाईप आतून गंजले असतील तर ओढताना नव्या वायरचं आवरण सोलतं, तिथे जबरदस्ती नको, सरळ भिंतीवरून केसिंग-कॅपिंग (वायरीवर झाकण बसणारी प्लास्टिकची पट्टी) करा, दिसायला बरं नाही वाटत पण रंगाची पट्टी मिळते. आणि मीटरपाशी अजून तार बांधायचे जुने किटकॅट फ्यूज असतील तर आधी ते घालवा, त्यात फ्यूजची तार संपली म्हणून कुणी वायरच्या दोन जाड तारा गुंडाळल्या असतील तर तो फ्यूज आता फ्यूज राहिलेला नाही.

गुहागर : घरापासून फाटक ७० मीटर आहे, मध्ये नारळ-सुपारीची वाडी. वाटेवर चार दिवे आणि फाटकावर दोन टाकायचेत. घरात दीडची वायर उरलीय आणि पाण्याचा काळा पाईपही पडलाय. त्यातून घालून पुरली तर चालेल ना?

नाही चालणार काका. पण दीड एमएम हा साईझ बरोबर आहे, वायरचा प्रकार चुकतोय.

साईझचं आधी. बारा वॉटचे सहा दिवे म्हणजे ७२ वॉट, एलईडी वॉटच्या हिशोबापेक्षा जास्त करंट ओढतात ते धरून समजा अर्धा अँपिअर. ७० मीटर जायचं ७० यायचं, १४० मीटर वायरचा रेझिस्टन्स दीडच्या वायरला १.८६ ओहम. अर्ध्या अँपिअरला एक व्होल्टसुद्धा पडत नाही. दिव्याला तीन टक्के म्हणजे जवळजवळ सात व्होल्टपर्यंत चालतं, तेव्हा प्रकाश कमी पडेल ही भीती नको.

मग लोक म्हणतात, तर अजून बारीक टाकू. आणि इथेच लांबच्या वायरची खरी गोम आहे, जी सहसा कुणी बघत नाही. समजा फाटकाजवळ कुदळ लागून शॉर्ट झालं. तर तिथून परत किती करंट येईल? घरापर्यंतच्या लाईनचा अर्धा ओहम धरला तर दीडच्या वायरला २३० भागिले २.३६, म्हणजे सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव अँपिअर. आता दुकानात मागितला की बहुतेक सी टाईपचा एमसीबी हातात देतात. दहाचा सी टाईप क्षणात पडायची खात्री कधी? शंभर अँपिअरला! म्हणजे तुमचा शॉर्ट आणि त्याचं पडणं अगदी काठावर आहे, एक एमएम टाकली तर करंट सत्तरवर येतो आणि एमसीबी विचार करत बसतो, तोवर वायर तापते. त्याऐवजी सहाचा बी टाईप घ्या, त्याला तीस अँपिअर पुरतात. बी टाईप दुकानदार मागवून देतो, दोन दिवस लागतील, सी 'सेमच आहे' म्हणेल तर ऐकू नका.

आता प्रकार. घरातली सिंगल वायर पाईपातून असली तरी मातीत पुरायची नसते. कोकणातला पाऊस पाईपात शिरतोच, चार महिने वायर पाण्यात बसते, आणि उंदीर तर पाईपसकट कुरतडतात. तीन कोअरची आर्मर्ड केबल घ्या, आत पीव्हीसी आणि बाहेरून पोलादी तारांचं चिलखत असलेली. पाऊण मीटर खोल चर, खाली-वर वाळू, वाळूवर विटांची ओळ, म्हणजे पुढे कुणी नारळाला आळं करायला खणलं तर आधी वीट लागेल. चिलखत दोन्ही टोकांना ग्लँडमध्ये (केबल पकडणाऱ्या धातूच्या तोंडात) नीट पकडून घराकडच्या टोकाला अर्थिंगला जोडायचं, हे हमखास विसरतात. डीबीत या सर्किटला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की तोडणारा स्विच) पाहिजेच, उघड्यावरचा दिवा आहे, पावसात पोरं खांबाला हात लावणार. खारी हवा आहे तेव्हा टर्मिनलवर कलई केलेले लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) वापरा, नाहीतर दोन पावसाळ्यांत तांब्यावर हिरवं धरतं.

आणि 'जाता जाता त्याच केबलवर विहिरीचा पंप पण' असा विचार मनात असेल तर तो आत्ताच काढून टाका. एक एचपीचा सिंगल फेज पंप सहा-सात अँपिअर घेतो, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट, दीडच्या वायरवर त्या क्षणाला साठ-सत्तर व्होल्ट वाटेतच संपतील, पंप घुरघुरत बसेल. त्याला स्वतंत्र चार एमएम.

ठाणे : आम्ही बाविसाव्या मजल्यावर राहतो. दुकानात एफआर, एफआरएलएस, एचएफएफआर अशा तीन प्रकारच्या वायरी दाखवल्या, भावात बराच फरक. लाईटला कुठली? आणि डुप्लिकेट माल कसा ओळखायचा?

एफआर म्हणजे वायर आपणहून आग पुढे नेत नाही, जाळ काढून घेतला की विझते. एफआरएलएस तेच, शिवाय जळताना धूर आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू कमी सोडते. एचएफएफआरमध्ये हॅलोजनच नसतं, म्हणजे पीव्हीसीच नाही, त्यामुळे तो ॲसिडचा वायू निघतच नाही. पहिल्या दोघी आयएस ६९४ या भारतीय मानकात येतात, तिसरी आयएस १७०४८ मध्ये. करंट वाहायच्या बाबतीत तांबं तेच आहे, महाग वायर घेतली म्हणून दीडची अडीच होत नाही, हे मुद्दाम सांगतो कारण काउंटरवर तसं सूचित करतात.

तुमचा सवाल लाईटचा आहे तर माझं मत : तुम्ही लिहिलंय बाविसावा मजला, तेव्हा एफआरएलएस तरी घ्या, बजेट असेल तर एचएफएफआर. उंच इमारतीत माणूस जाळापेक्षा धुरानं जातो, आणि जिन्यापर्यंतचा पॅसेज धुरानं भरायला फार वेळ लागत नाही. बैठं घर, दोन दरवाजे, अंगण असेल तर चांगल्या कंपनीची एफआर पुरते, वाचलेले पैसे आरसीसीबीत घाला.

डुप्लिकेट ओळखायला आयएसआयचा शिक्का तर बघाच, पण शिक्का छापणं काही अवघड नाही, त्याच्याखालचा सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर बीआयएसच्या (हा शिक्का देणारी सरकारी संस्था) केअर ॲपवर टाकून बघा, कंपनीचं नाव जुळतं का ते लगेच कळतं. ॲपपेक्षाही माझा विश्वास तराजूवर. दीड एमएमच्या ९० मीटरच्या कॉइलमध्ये नुसतं तांबंच सव्वा किलोच्या जवळ, १.२ किलो असायला हवं, वर पीव्हीसीचं वजन वेगळं. अख्खी कॉइल दीड किलोच्या आत भरली तर एकतर तांबं कमी आहे, नाहीतर मीटर कमी आहेत, नाहीतर आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. तार ब्लेडनं खरवडा, आतून पांढरी निघाली की समजा. दुसरी परीक्षा, वायरमनकडचा मल्टिमीटर कॉइलच्या दोन टोकांना लावायचा : दीडच्या ९० मीटरला २० डिग्रीला जास्तीत जास्त १.२ ओहम. गंमत म्हणजे दोन्ही आकडे १.२, पाठ करायला सोपं. उन्हाळ्यात १.२५-१.२७ येईल तेवढं सोडून द्या, आणि आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून जे रीडिंग येतं ते वजा करायला विसरू नका नाहीतर चांगल्या मालाला उगाच नावं ठेवाल. तारा मोजायच्या भानगडीत पडू नका. बऱ्याच कंपन्यांच्या दीडमध्ये ०.३ मिलिमीटरच्या २२ तारा असतात हे खरं, पण कुणी बारीक तारा जास्त संख्येनं घालतात तेही बरोबरच असतं.

नाशिक : रात्री एलईडी बल्ब बंद केला तरी मिणमिणत राहतो. भुताटकी म्हणून मुलं घाबरतात. वायर खराब आहे का?

वायर बहुतेक चांगली आहे, जोडणी उलटी असू शकते. दोन कारणं बघायची. स्विचमध्ये तो छोटा लाल इंडिकेटर असेल तर त्याच्यातून जाणारा चिमूटभर करंट एलईडीला पुरतो, ते निरुपद्रवी आहे. इंडिकेटर नसेल तर स्विच फेजवर (करंट आणणाऱ्या वायरवर) नसून न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) बसलाय का ते तपासा, आणि हे मात्र निरुपद्रवी नाही ताई, कारण मग बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज हजर असतो आणि तुम्ही स्टुलावर चढून निर्धास्तपणे बल्ब फिरवता. स्विच बंद ठेवून वायरमनला होल्डरवर टेस्टर लावायला सांगा, टेस्टर पेटला तर आधी जोडणी सरळ करून घ्या. दोन्ही नसेल आणि जिन्याचा टू-वे (दोन स्विचवर चालणारा) दिवा असेल तर लांबवर शेजारी-शेजारी जाणाऱ्या वायरींमुळेही असं होतं, टेस्टर तिथेही मंद पेटू शकतो, तेव्हा मीटरनं खात्री करायची, मग दुसऱ्या कंपनीचा बल्ब लावला की बहुधा थांबतं.

सातारा : मुलगा इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, सुट्टीत आला होता. डीबीतली निळी वायर बघून म्हणाला ही न्यूट्रल, मी बघतो. वायरमन ओरडलाच. कोण बरोबर?

वायरमन, आणि ओरडला ते बरं केलं. इंग्लंडमध्ये २००४ पासून बदल होऊन आता तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल असते. आपल्याकडच्या चालत आलेल्या पद्धतीत लाल, पिवळी, निळी हे तिन्ही फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. थ्री फेज मीटर असलेल्या घरात तिसऱ्या फेजवरची खोली निळ्या वायरवर चालते, म्हणजे त्याची न्यूट्रल आपल्याकडे शॉक देणारी. गोंधळ वाढवायला आपल्याच मिक्सरच्या किंवा इस्त्रीच्या दोरीत तपकिरी-निळी असते, तिथे निळी न्यूट्रलच. म्हणून रंगावर विश्वास टाकायचा नाही, टेस्टर लावायचा. आणि नवीन काम करताना पैसे वाचवायला एकाच रंगाच्या कॉइलनं सगळं घर ओढणारे वायरमन आहेत, त्यांना तिथल्या तिथे थांबवा, उरलेली अर्धी कॉइल वाया गेली तरी चालेल.

कोल्हापूर : मोबाईलवरून चालणारे स्मार्ट स्विच पुढे कधीतरी लावायचेत, आत्ता वायरिंगमध्ये काही तरतूद?

प्रत्येक स्विचच्या बॉक्समध्ये, सॉकेट नसलेल्या बॉक्समध्येसुद्धा, न्यूट्रल आणून ठेवा. बाथरूमबाहेरच्या आणि जिन्याच्या बोर्डात ती हमखास नसते. बॉक्स जरा खोल घ्या. बाकी काही नको.

लातूर : इन्व्हर्टर बसवला आणि तेव्हापासून आरसीसीबी पडते. इन्व्हर्टरवाला म्हणतो वायरिंग जुनं, वायरमन म्हणतो इन्व्हर्टर खराब, आणि शेवटी दोघं मिळून म्हणतात आरसीसीबी काढून टाका, कटकट जाईल. काय करू?

आरसीसीबी काढायची नाही, हे पहिलं. ती तिचं काम करतेय.

ती काय करते तर फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का एवढंच बघत बसते, ३० मिलीअँपिअरपर्यंत फरक पडला की तोडते. आता इन्व्हर्टर बसवताना काय करतात, लाईटच्या सर्किटांचा फेज तेवढा डीबीतून सोडवून इन्व्हर्टरच्या आउटपुटला देतात, न्यूट्रल आहे तिथेच ठेवतात, कारण 'न्यूट्रल तर सगळी एकच असते'. नसते! एका आरसीसीबीतून फेज गेला आणि न्यूट्रल दुसऱ्या आरसीसीबीच्या पट्टीवर किंवा तिला वळसा घालून परत आली की तिला वाटतं करंट कुठेतरी जमिनीत चाललाय. घरात कुणाला शॉक बसत नाहीये तरी ती पडणार, आणि पडलीच पाहिजे.

दुसरी शक्यता अजून जुनी, वायरिंगच्या वेळची. हॉलच्या पंख्याला फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल जवळ पडते म्हणून शेजारच्या बेडरूमच्या बोर्डातून उसनी घेतलेली. इन्व्हर्टर नव्हता तोवर दोन्ही एकाच पट्टीवर जात होत्या म्हणून कळलं नाही. तीनशे रुपयांची वायर वाचवायला केलेली ही गोष्ट दहा वर्षांनी अशी उपटते.

तपासायची पद्धत सांगतो, वायरमनला वाचून दाखवा. मेन बंद, इन्व्हर्टर बंद करून त्याची बॅटरीपण सोडवायची. मग इन्व्हर्टरवरच्या एकेका लाईट सर्किटचा एमसीबी खाली ठेवून त्या सर्किटची न्यूट्रल पट्टीवरून सोडवायची आणि मीटर बझरवर ठेवून सुटलेली न्यूट्रल आणि पट्टी यांच्यात लावायचा. बझर वाजला नाही तर ते सर्किट स्वच्छ. वाजला तर त्या सर्किटची न्यूट्रल कुठल्यातरी बोर्डात दुसरीला भेटलीय, मग एकेक बोर्ड उघडत जायचं, आणि बहुतेक वेळा ती जागा दोन खोल्यांच्या सामाईक भिंतीवर सापडते. सापडली की त्या पंख्याला त्याच्याच सर्किटची न्यूट्रल ओढायची, दीड एमएम, काळी. सगळी सर्किटं स्वच्छ झाली की इन्व्हर्टरवरच्या दिव्यांसाठी डीबीत वेगळी न्यूट्रल पट्टी लावायची आणि त्या पट्टीची वायर इन्व्हर्टरच्या न्यूट्रलला न्यायची, म्हणजे फेज ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं न्यूट्रल परत येईल. यात नवीन वायर फारशी लागत नाही, अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण करणाऱ्याला बोर्ड उघडायचा कंटाळा नको. इन्व्हर्टरवाल्याला त्या वेळी समोर बसवून ठेवा, नाहीतर तो नंतर येऊन परत 'न्यूट्रल एकच असते' करून जाईल.